चांदी आणि स्फुरद यांचें एक पिवळें लवण

शेतकऱ्याच्या घरांतील मुलास 'स्फुरद' हा शब्द शिकवावा लागत नाहीं. नत्र, स्फुरद व पालाश हीं तीन नांवें त्यानें खताच्या पोत्यावर वाचलेलीं असतात व पेरणीच्या दिवसांत वडील मंडळींच्या तोंडून ऐकलेलीं असतात. चांदीची ओळख तर कोणासच करून द्यावयास नको. पैंजण, जोडवीं, अत्तरदाणी यांवरून ती सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु या दोहोंचा प्राणवायूच्या साहाय्यानें संयोग होऊन जें एक लवण तयार होतें, तें आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिलें असेल. त्यास सिल्व्हर फॉस्फेट असें म्हणतात. तें बाजारांत सहज मिळत नाहीं, नेहमींच्या औषधांत पडत नाहीं, दागिन्यांत तर नाहींच नाहीं. असें असतां वार्षिकांतील इतकीं पृष्ठें त्यावर कां खर्च करावीं, असा प्रश्न पालकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर असें कीं, इ. स. २०१० पासून रंगीत पाणी निर्मळ करण्याच्या संबंधानें या लवणाचें नांव पुष्कळ ऐकूं येऊं लागलें आहे. आणि चादरी व टॉवेल यांवर ज्या शहराचें पोट चालतें, त्या आमच्या सोलापुरास रंगीत पाणी ही कांहीं परकी गोष्ट नव्हे.

प्रथम या लवणाची घडण पाहूं. चांदीचे तीन परमाणु, स्फुरदाचा एक व प्राणवायूचे चार, एवढे मिळून त्याचा एक घटक होतो. चांदी जड असल्यामुळें वजनांत तिचाच वांटा मोठा पडतो; १०० ग्रॅम लवणांत सुमारें ७७ ग्रॅम चांदीच असते. हें सराफास कळलें तर खालीं सांडलेली पूड तो झाडून घेतल्यावांचून राहणार नाहीं! या लवणाची घनता पाण्याच्या सुमारें ६.४ पट असून तें ८४९ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास वितळतें. पाण्यांत तें जवळजवळ विरघळतच नाहीं. एक लिटर शुद्ध पाण्यांत जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम विरघळतें. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, पुढें त्याचें काम पडणार आहे. नत्राम्लांत आणि अमोनियाच्या पाण्यांत मात्र तें चटकन् विरघळून जातें.

तें तयार करण्याची कृति सोपी आहे. मुख्य द्रव्य काडीखार, म्हणजेच सिल्व्हर नायट्रेट. शुद्ध चांदी नत्राम्लांत विरघळवून तो द्राव आटविला म्हणजे काडीखाराचे पांढरे स्फटिक मिळतात. जुन्या काळचे डॉक्टर चामखीळ जाळण्याकरितां जी पांढरी कांडी वापरीत, ती याचीच. दुसरें द्रव्य डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट; यास आम्ही पुढें सोयीसाठीं नुसतें सोडियम फॉस्फेट म्हणूं. काडीखार ०.५१ ग्रॅम घेऊन तो ३० घनसेंटिमीटर पाण्यांत विरघळवावा. निर्जल सोडियम फॉस्फेट ०.१४ ग्रॅम घेऊन तें वेगळ्या पेल्यांत तितक्याच पाण्यांत विरघळवावें. दोन्ही द्राव पाण्यासारखे स्वच्छ दिसतात. मग कांचेच्या कांडीनें ढवळीत एक द्राव दुसऱ्यांत थोडाथोडा ओतावा. थेंब पडतो तेथेंच हळदीसारखा पिवळाजर्द साका उठतो. चांदी पांढरी, काडीखार पांढरा, सोडियम फॉस्फेट पांढरें, आणि त्यांच्यापासून होणारें लवण पिवळें, हें पाहून पहिल्यानें प्रयोग करणारा विद्यार्थी कांहींसा चकित होतो, आणि तसें व्हावें हेंच बरें.

या कृतींत पाणी मात्र ऊर्ध्वपातितच हवें. नळाचें अथवा विहिरीचें चालावयाचें नाहीं. हें वाक्य आमच्या प्रयोगशाळेंत दरवर्षीं सांगितलें जातें, आणि दरवर्षीं कोणीतरी नळाखालीं पेला धरतोच. मग काडीखार पाण्यांत पडतांक्षणीं, फॉस्फेटची वाट न पाहतां, दुधासारखा पांढरा ढग उठतो. नळाच्या व विहिरीच्या पाण्यांत मिठाचा अंश असतो. मिठांतील क्लोराईड हा चांदीचा जुना सोबती आहे. तो भेटला कीं चांदी त्याच्याशींच संयोग पावून सिल्व्हर क्लोराईड हें पांढरें लवण होतें. हा पांढरा ढग म्हणजे प्रयोगाची खराबी असें विद्यार्थी समजतात. आमच्या मतें या लेखांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तोच सांगतो. परंतु तें पुढें.

आतां लिटमसच्या कागदाचा एक चमत्कार पाहावा. सोडियम फॉस्फेटचा द्राव तांबड्या लिटमसास निळें करतो, म्हणजे तो किंचित् अल्कधर्मी आहे. काडीखाराचा द्राव जवळजवळ उदासीन. या दोहोंच्या मिश्रणांतून अम्ल उत्पन्न व्हावें असें कोणास वाटेल? तरी पण साका खालीं बसल्यावर वरच्या निवळींत निळा लिटमस बुडविला तर तो तांबडा होतो. कारण असें कीं, सोडियम फॉस्फेटच्या घटकांत सोडियमचे दोन परमाणु व हायड्रोजनचा एक परमाणु फॉस्फेटला जोडलेले असतात. चांदी येते ती तिन्ही जागा बळकावते. बाहेर पडलेलें सोडियम नायट्रेटशीं जुळतें व निरुपद्रवी लवण होतें. बाहेर पडलेला हायड्रोजन मात्र नायट्रेटबरोबर नत्राम्ल होऊन बसतो. हें नत्राम्ल थोडासा साका परत विरघळवितें. म्हणून हिशेबानें ०.४२ ग्रॅम लवण मिळावयास पाहिजे तेथें प्रत्यक्षांत कांहीं कमीच हातीं लागतें. हायड्रोजन मुळींच नसलेलें ट्रायसोडियम फॉस्फेट वापरून ही तूट टाळावी असें कोणी म्हणेल. पण तें लवण इतकें तीव्र अल्कधर्मी असतें कीं, हात थोडा सैल पडला तर पिवळ्या साक्यांत तपकिरी रंगाचें सिल्व्हर ऑक्साईड मिसळतें. सौम्य मार्गच बरा. साका गाळून ऊर्ध्वपातित पाण्यानें दोनतीन वेळां धुवावा व अंधाऱ्या कपाटांत वाळवावा.

दोन सूचना येथेंच देऊन ठेवितों. काडीखार हातांस लागला तर कातडीवर काळे डाग पडतात व ते कित्येक दिवस जात नाहींत. डोळ्यांस तर तो फार घातक आहे. आणि चांदीचें कोणतेंही लवण अमोनियांत विरघळविलें असेल तर तो द्राव कधींही सांठवून ठेवूं नये; त्यांत कालांतरानें स्फोटक पदार्थ तयार होतो. परीक्षा झाली कीं सौम्य नत्राम्ल घालून तो लगेच निकालांत काढावा, आणि हें काम शिक्षकांनींच करावें.

अमोनियाचा उल्लेख आला तो परीक्षेकरितां. सिल्व्हर आयोडाईड नांवाचें दुसरें एक लवण असेंच पिवळें असतें, व साका पाहून कोणता कोण हें कळत नाहीं. सौम्य नत्राम्लाचे थेंब टाकावे. फॉस्फेट असेल तर विरघळून जाईल, आयोडाईड असेल तर जसेंच्या तसें राहील. अमोनियानेंही हाच भेद दिसून येतो.

या पिवळ्या रंगानें रसायनशास्त्राच्या इतिहासांत एक मोठी कामगिरी केली आहे. सुमारें १८२७ सालीं थॉमस क्लार्क या स्कॉटिश रसायनज्ञानें सोडियम फॉस्फेट लाल होईपर्यंत तापविलें. त्यांतील स्फटिकजल गेलें हें तर झालेंच, परंतु त्यानंतरही प्रखर उष्णतेनें थोडें आणखी पाणी बाहेर पडलें. उरलेलें लवण त्यानें पुनः पाण्यांत विरघळविलें व त्यांत काडीखार घातला. साका पडला तो पिवळा नव्हे, पांढरा! शिवाय वरची निवळी अम्लधर्मीही झाली नाहीं. द्रव्यें तींच, त्यांत बाहेरचें कांहीं घातलें नाहीं, फक्त थोडें पाणी उडून गेलें, आणि चांदीनें निराळीच साक्ष दिली. या कोड्याचा उलगडा थॉमस ग्रॅहॅम यानें १८३३ सालीं केला. स्फुरदाचें अम्ल एकच नसून पाण्याशीं त्याचा संयोग कमीअधिक प्रमाणांत होतो व त्यामुळें तीन निरनिराळीं अम्लें होतात, असें त्यानें दाखविलें. पहिलें तीन जागांचें. त्याचें चांदीचें लवण पिवळें. उरलेल्या दोहोंचीं लवणें पांढरीं. एकाच अम्लांत धातूंना बसावयास एकाहून अधिक जागा असूं शकतात, ही आज शाळेंत शिकविली जाणारी गोष्ट अशा रीतीनें एका साक्याच्या रंगावरून उलगडली. क्लार्कचें नांव ज्यांस नवीन वाटेल त्यांस सांगावेंसें वाटतें कीं, जड पाणी चुन्यानें हलकें करण्याची कृतिही याच गृहस्थानें १८४१ सालीं प्रसिद्ध केली. दख्खनच्या काळ्या खडकांतील विहिरीच्या पाण्यांत ज्यांचा साबण फेंसाळत नाहीं, त्यांनीं तरी त्याचें स्मरण ठेवण्यास हरकत नाहीं.

आतां प्रकाशाकडे वळूं. वाळविलेली पूड उघड्यावर ठेवली तर तिचा पिवळा रंग मळकट होत जातो व शेवटीं ती काळसर पडते. प्रकाशानें लवण मोडून त्यांतील चांदी सुटी होते. हे चांदीचे अतिसूक्ष्म कण काळे दिसतात. चांदीच्या पुष्कळ लवणांचा हा स्वभावच आहे व सर्व छायाचित्रण-कला त्यावर उभी राहिली. १८३९ सालीं, ही कला अगदीं बाल्यावस्थेंत असतांना, एडिंबरो येथील अँड्र्यू फाईफ यानें कागदावर याच सिल्व्हर फॉस्फेटचा लेप देऊन चित्रें घेण्याचे प्रयोग केले होते. पुढें इतर लवणांनीं त्यास मागें टाकलें. रोगनिदानाच्या प्रयोगशाळेंत मात्र हा स्वभाव आजही उपयोगी पडतो. हंगेरींतील कोसा या शास्त्रज्ञानें १९०१ सालीं एक युक्ति काढली. हाडाचा पातळ काप काडीखाराच्या द्रावांत प्रकाशांत ठेवावयाचा. हाडांतील फॉस्फेटच्या ठिकाणीं चांदी येऊन बसते व ती जागा काळी होते. चुनखडीचा संचय शरीरांत कोठें झाला आहे, हें यावरून डॉक्टरांस कळतें.

प्रकाशानें मोडून जाणें हा इतके दिवस या लवणाचा दोष मानला जात होता. २०१० सालीं जपानांतील त्सुकुबा येथील पदार्थविज्ञान संस्थेंतील यी, ये आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, मोडण्यापूर्वीं हें लवण प्रकाशाच्या बळावर फार मोठें काम करूं शकतें. तें पिवळें दिसतें याचा अर्थच असा कीं, सूर्यप्रकाशांतील जांभळे व निळे किरण तें गिळतें. ज्यांची लहर सुमारें ५३० नॅनोमीटरपर्यंत आहे, म्हणजे हिरव्या रंगाच्या हद्दीपर्यंत, ते सर्व किरण त्यास चालतात. किरण गिळतांच लवणांतील एक विद्युत्कण आपली जागा सोडून वर उसळतो व मागें एक रिकामी जागा राहते. ही रिकामी जागा अत्यंत भुकेली असते. शेजारीं पाणी असेल तर पाण्यापासून आणि रंगद्रव्य असेल तर रंगद्रव्यापासून ती विद्युत्कण ओढून घेते. पाण्यापासून ओढला तर प्राणवायु सुटतो. रंगद्रव्यापासून ओढला तर त्याचा रेणु मोडूं लागतो व रंग नाहींसा होतो. वर उसळलेला विद्युत्कण उचलून घेण्यासाठीं पाण्यांत काडीखार ठेवला असतां, त्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत गिळलेल्या दर शंभर प्रकाशकणांपैकीं ९० पर्यंत कामीं लागले. या विषयांत हा आंकडा असामान्य समजला जातो.

याच कामाकरितां पूर्वींपासून प्रसिद्ध असलेला पदार्थ म्हणजे टायटॅनियम डायॉक्साईड, भिंतींच्या पांढऱ्या रंगांत असतो तोच. १९७२ सालीं फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनीं त्याचा गुण जगापुढें मांडला. तो स्वस्त आहे, टिकाऊ आहे. पण पांढरा आहे, आणि तेथेंच त्याची अडचण आहे. पांढरा पदार्थ दृश्य प्रकाश परत फेंकतो. त्यास फक्त अतिनील किरण चालतात, व ते सूर्यप्रकाशाच्या शक्तींत शेंकडा चारपांचच असतात. पिवळ्या लवणाचें ताट मोठें आहे. स्फटिकाच्या आकारानेंही फरक पडतो. काडीखाराऐवजीं सिल्व्हर ॲसिटेट घेतलें तर बारा चौकटी-पृष्ठांचे स्फटिक मिळतात, अमोनियांतील चांदीच्या द्रावापासून घन आकाराचे मिळतात, आणि रंग मोडण्याच्या कामीं बारा पृष्ठांचे अधिक तेज ठरतात, असें त्याच संस्थेंतून २०११ सालीं प्रसिद्ध झालें.

सूत रंगविण्याच्या कामांत असलेल्या एका पालकांनीं आम्हांस विचारलें, "सर, आपल्याकडे उन्हाला काय तोटा? हौदांत ही पिवळी पूड टाकली, वर ऊन लागलें, कीं पाणी साफ. मग कां करीत नाहींत?" प्रश्न रास्त आहे. १८७७ सालीं निघालेली जुनी गिरणी आणि तिच्या मागोमाग आलेल्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या, तरी पूर्वभागांतील व अक्कलकोट रस्त्यावरील माग चालू आहेत. माग आले म्हणजे रंगकाम आलें. सुतास न लागलेला रंग धुवणाच्या पाण्याबरोबर बाहेर जातो. तो ओढ्यानाल्यांत गेला तर पाण्यांत प्रकाश शिरूं देत नाहीं व आंतील वनस्पति आणि जीव गुदमरतात. पावसाची आधींच ओढ असलेल्या या जिल्ह्यांत पाणी एकदां वापरून फेंकून देणें परवडणारें नाहीं, हें काय सांगावयास पाहिजे?

उत्तराचा पहिला भाग सर्वांस सुचण्यासारखा आहे: चांदीची किंमत. त्याविषयीं अधिक बोलत नाहीं. दुसरा भाग आम्हीं वर ध्यानांत ठेवावयास सांगितलेल्या आंकड्यांत आहे. लिटरमागें साडेसहा मिलिग्रॅम लवण विरघळतें, त्यांत चांदी सुमारें पांच मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत चांदी लिटरास ०.१ मिलिग्रॅमहून अधिक नसावी. म्हणजे मर्यादेच्या पन्नासपट झाली. रंगाचें पाणी कोणी पीत नाहीं हें खरें, पण चांदी सूक्ष्म जंतूंस मारक आहे, आणि मैलापाणी शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतील सर्व काम जंतूंवरच अवलंबून असतें. तिसरी अडचण काळें पडण्याची. वर उसळलेल्या विद्युत्कणास दुसरें कोणी घेणारें नसेल तर लवणांतील चांदीच त्यास उचलते व धातुरूप होते. काम करतां करतां कामकरीच झिजतो. शिवाय रंग गेला म्हणजे रंगद्रव्य गेलें असेंही नव्हे. रेणूचे तुकडे पाण्यांत राहूं शकतात, व ते पुरते जळून गेले कीं नाहीं हें नुसत्या डोळ्यांनीं कळत नाहीं.

चौथी अडचण मात्र सर्वांत जड आहे, आणि ती त्या पांढऱ्या ढगाची. सुतावर रिअ‍ॅक्टिव्ह जातीचे रंग चढवावयाचे असतील तर रंगाच्या पाण्यांत मीठ घालावें लागतें. मिठानें रंग सुताकडे ढकलला जातो. हें प्रमाण अनेकदां लिटरास तीसचाळीस ग्रॅम, गडद रंगास त्याहूनही अधिक असतें. कांहीं ठिकाणीं मिठाऐवजीं ग्लॉबरचें लवण वापरतात, तेथें ही अडचण कमी. पण जेथें मीठ आहे तेथें हिशेब करून पाहावा. एक ग्रॅम सिल्व्हर फॉस्फेटचें पुरतें क्लोराईड होण्यास अवघें ०.४२ ग्रॅम मीठ लागतें. चाळीस ग्रॅम मीठ असलेलें एक लिटर पाणी सुमारें ९५ ग्रॅम पिवळें लवण गिळून पांढरें करूं शकेल. हें होण्यास ऊन लागत नाहीं, उष्णता लागत नाहीं. पूड आणि पाणी एकत्र आलीं कीं पुरे. उरतें तें सिल्व्हर क्लोराईड. त्यासही प्रकाशाचे स्वतःचे गुण आहेत, परंतु तें आपलें पिवळें लवण नव्हे. आणि सुटलेलें फॉस्फेट पाण्यांत जाऊन शेवाळास खत होतें, तें निराळेंच.

म्हणून संशोधकांनीं आतां निरनिराळे मार्ग धरले आहेत. कोणी पिवळ्या कणांवर मुद्दाम सिल्व्हर ब्रोमाईडचा वा क्लोराईडचा पातळ थर चढवितात, म्हणजे आंतील लवण झांकलें जातें. कोणी तें टायटॅनियम डायॉक्साईडच्या अथवा कर्बाच्या पातळ पापुद्र्यांच्या आधारानें बसवितात, म्हणजे उसळलेला विद्युत्कण तिकडे निघून जातो. हें सर्व अद्याप बहुतेक चंचुपात्रांतील काम आहे. रंगाचे कारखाने आपलें पाणी चुना-तुरटीसारख्या द्रव्यांनीं निवळवितात, जंतूंकडून शुद्ध करवितात व जेथें परवडेल तेथें सूक्ष्म पडद्यांतून गाळतात. त्या पालकांस आम्हीं हेंच सांगितलें. त्यांचें पूर्ण समाधान झालें असें वाटत नाहीं, आणि आमचेंही झालेलें नाहीं.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं एवढें तरी अवश्य करून पाहावें. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा अगदीं फिका द्राव ऊर्ध्वपातित पाण्यांत करून चार नळ्यांत सारखा घालावा. पहिलींत कांहींच टाकूं नये. दुसरींत व तिसरींत चिमूटभर पिवळें लवण टाकावें, चौथींत तें टाकून वर थोडें मीठ घालावें. तिसरी नळी काळ्या कागदांत गुंडाळावी व चारही उन्हांत ठेवून दर पांच मिनिटांनीं हलवीत राहावें. कोणत्या नळीचा रंग केव्हां उतरला व तळाच्या पुडीचा रंग कसकसा बदलला, हें घड्याळ पाहून वहींत लिहावें. शेवटीं नळ्यांतील द्रव मोरींत न ओततां 'चांदी' असें लिहिलेल्या बाटलींत ओतावा. ती बाटली वर्षाअखेर भरली म्हणजे तींतील सांका सौम्य अम्ल व जस्त यांच्या योगानें पुनः धातुरूप चांदी करतां येतो.